नाशिकहून आई-बाबा आणि दोन लहान मुलांसह लंडनला चाललोय, फिरायला एकच दिवस आहे. काय बघावं?

सगळं बघायचा अट्टहास करू नका, ज्येष्ठांची दमछाक होते. सकाळी वेस्टमिन्स्टर पुलावरून बिग बेन बघा, मग ट्रफाल्गर चौकातून १५ नंबरची डबलडेकर पकडून टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्यापर्यंत जा. मुलांना वर पुढच्या काचेपाशी बसवा, सेंट पॉल चर्चचा घुमट झकास दिसतो. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. ११ वर्षांखालच्यांना बस फुकट.

दुपार मात्र ब्रिटिश म्युझियमसाठी ठेवाच. प्रवेश मोफत आहे आणि आंध्रातल्या अमरावती स्तूपाची शिल्पं तिथे आहेत. बरीचशी सातवाहन काळातली, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांच्याच काळाच्या आसपासची! पांढरट दगडात कोरलेले हत्ती, घोडे, माणसांची दाटी... बाबांना तिथे निवांत वेळ द्या. लंडन आय हा भलामोठा पाळणा खालूनच बघितला तरी चालेल.