घरासाठी खडी घेताना : तुमचे प्रश्न

सर, साताऱ्याजवळ घराचं काम काढलंय. एका क्रशरची खडी काळी आहे, दुसऱ्याची लालसर, भोकं भोकं असलेली, पण ब्रासमागे स्वस्त. कुठली घेऊ?

काळी घ्या. दोन्ही बेसॉल्टच्याच, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाच्या, खाणीतून येतात पण लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून दगड जाळीदार होतो, शिवाय दोन थरांच्या मधे मऊ लाल पट्टा लागतो आणि तो माल मिसळला की खडी पाणी पिते. घरीच बघा, किलोभर खडी उन्हात कडक वाळवा, वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, फडक्याने पुसून परत वजन करा. १०-२० ग्रॅम वाढलं तर ठीक, ४०-५० वाढलं तर ती गाडी परत पाठवा.

देगलूरकडे ग्रॅनाइटची खडी मिळते. बेसॉल्टपेक्षा कमजोर असते का?

नाही हो, ताजा दगड असेल तर घराच्या एम२० - एम२५ (ताकदीच्या श्रेणी) काँक्रीटला दोन्ही चालतात. ग्रॅनाइट वजनाला हलका, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) २.६-२.७, बेसॉल्टचं २.८ च्या वर, त्यामुळे बेसॉल्टचं वजनी मिक्स डिझाइन (सिमेंट, वाळू, खडीचं वजनाने ठरवलेलं प्रमाण) जसंच्या तसं वापरू नका.

रत्नागिरीला जांभ्याची खडी स्लॅबला चालेल का?

नको. भिंतीला चिरे उत्तमच, पण जांभा सच्छिद्र आणि मऊ, त्यात समुद्राची खारी हवा, सळई गंजायला वेळ लागणार नाही. तुमच्या भागात जांभ्याखाली काळा दगड आहेच, त्याची खडी आणा.

खडी काळीच आहे, पण कपच्या खूप आहेत आणि धूळही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काही फरक पडत नाही.

पडतो, आणि खरं नुकसान इथेच होतं! घराच्या कामात दगड फुटून काँक्रीट गेलं असं क्वचितच होतं, पण चपट्या-लांबट खडीने माल कडक वाटतो, धूळ पाणी ओढते, मग मिक्सरवरचा माणूस माल सरकावा म्हणून बादलीभर पाणी जास्त ओततो आणि तिथेच स्ट्रेंथ जाते, वर धुळीच्या थराने सिमेंट दगडाला नीट धरतही नाही. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत चपट्या आणि लांबट दाण्यांची एकत्र मर्यादा ४० टक्के आहे. व्हीएसआय क्रशरची (दगड वेगाने आपटून फोडणारं यंत्र) खडी मागा, दाणा चौकोनी येतो, दर थोडा जास्त पडला तरी द्या. धूळ असेल तर धुऊन घ्या, निथळू द्या. आणि २० एमएमबरोबर १० एमएम पण मिसळा, नुसत्या २० ने पोकळ्या राहतात, सळया दाट असल्या की तर हमखास हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोळ्यासारखी भोकं.

जुनं घर पाडलंय, त्याच्या काँक्रीटची खडी करून वापरता येईल?

पीसीसीत, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये, हो. त्याच आयएस ३८३ प्रमाणे एकूण खडीपैकी अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) एम२५ पर्यंतच आणि २० टक्के, एम१५ च्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटला पूर्ण १०० टक्के. पण विटा, प्लास्टर, टाइल्स मिसळलेला राडारोडा यात धरू नका, तो फक्त लीनला. जुनी सिमेंट चिकटलेली असल्याने ही खडी पाणी जास्त पिते, आदल्या दिवशी भिजवून ठेवा. कॉलम-बीमला मी तरी नवीच खडी वापरेन.