कॅमेऱ्याचा विमा काढण्याआधी

विसर्जनाला लक्ष्मी रोडवर नवा कॅमेरा घेऊन उतरणार आहेस ना, मग आधी विमा बघ. घराच्या विम्यातलं संरक्षण बहुतेकदा घरापुरतंच असतं. बाहेरच्या चोरीसाठी ‘ऑल रिस्क’ म्हणजे घराबाहेरही लागू होणारं संरक्षण माग. बारीक अक्षरं नीट वाच, खरी मेख तिथेच असते. गाडीत ठेवलेली बॅग गेली तर? सिंहगडावर विसरून आलास तर? लग्नाच्या ऑर्डरी घेत असशील तर तेही लपवू नकोस, नाहीतर क्लेम अडकतो. बिलं जप; बॉडीचा आणि प्रत्येक लेन्सचा सिरियल नंबर वेगळा टिपून ठेव. चोरी झालीच तर लगेच एफआयआर कर (प्रत फुकट मिळते, मागून घे) आणि कंपनीलाही त्याच दिवशी कळव. किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या साध्या लेन्सचा) विमा? मी तरी काढणार नाही.