रोग न येणारा पॉप्लर मिळतोय, लावू का?

प्रश्न: सर, येरळेच्या काठाला दोन एकर आहे, द्राक्ष कमी करायचा विचार चाललाय. एकजण पॉप्लरची, म्हणजे प्लायवूडला लागणाऱ्या लाकडाच्या झाडाची, रोपं देतो म्हणतोय, रोग येणार नाही याची गॅरंटी पण देतोय. पण युरोपात म्हणे जुने देशी पॉप्लर जपायची धडपड चाललीय. रोग न येणारी जात हातात असताना जुनी झाडं कशाला? – एक वाचक, तासगाव

उत्तर: दादा, आधी सरळ सांगतो, तासगावात पॉप्लर लावू नका. पंजाब-हरयाणात चालतो तो मूळचा अमेरिकेतला, त्याला कडक थंडी लागते, साधारण 28 अंश अक्षांशाच्या वरच तो जमतो आणि आपण पडलो 17 वर.

आता गॅरंटीचं. बेल्जियममध्ये 'बोप्रे' नावाची संकरित जात काढली होती, तिला तांबेरा, म्हणजे पानावरचा बुरशीचा रोग, लागतच नव्हता म्हणून फ्रान्स-बेल्जियममध्ये लोकांनी भरमसाट लावली, आणि 1994 ला तांबेऱ्याचा असा नवा प्रकार आला की त्याने तीच जात धरली. पानाच्या पाठीमागं नारिंगी पावडर, बोट फिरवलं की बोटाला लागते, मग पानं वेळेआधीच गळतात. सगळी झाडं फांदीची काडी रोवून केलेली म्हणजे एकाच झाडाच्या कॉप्या, एक सापडलं की सगळी सापडली. थॉम्पसन द्राक्षाच्या बागेत डावण्या रोग कसा पसरतो ते तुम्हाला मी काय सांगणार.

म्हणून तिकडं नदीकाठचे काळे पॉप्लर जपतात, ठिकठिकाणच्या काड्या आणून एका जागी लावून ठेवतात. त्यात काही झाडं अशी असतात की तांबेरा येतो पण वाढतो सावकाश, झाड तग धरतं. ही ताकद बऱ्याच जनुकांची मिळून असते, ती मोडायला बुरशीला जड जातं, आणि नवीन जात काढताना हाच माल कामाला येतो. पण या काळ्या पॉप्लरची नर-मादी झाडं वेगळी, बी जेमतेम काही आठवडे जिवंत राहतं, त्याला पुरानं टाकलेला ओला उघडा गाळच लागतो, आणि नद्या तर बांध घालून सरळ केल्या! मग जंगलात नवीन रोप येणार कुठून?

तुम्हाला काठाला झाड पाहिजेच असेल तर वाळुंज लावा, पॉप्लरच्याच कुळातलं, आपलं, सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या कडेला असतं. पैसा नाही देणार पण काठ धरून ठेवेल. फक्त काड्या एकाच झाडाच्या नकोत, वेगवेगळ्या ओढ्यांवरच्या घ्या, नर-मादी दोन्ही बघून. बाकीच्या जागेसाठी माती-पाण्याचा रिपोर्ट पाठवा, मग बोलू.