ताप उतरला, थकवा मात्र हटेना

प्रश्न : डॉक्टर, मी १९ वर्षांची आहे. मूळची लातूरची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. ऑगस्टमध्ये ताप आला. घसा इतका सुजला की थुंकी गिळवेना, मानेच्या मागे गाठी आल्या. आधी 'व्हायरल' म्हणाले, मग विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड ठरला. घशासाठी अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर लाल पुरळ उठलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासून मोनोन्यूक्लिओसिस असल्याचं सांगितलं. ताप जाऊन अडीच महिने होत आले, पण मेसपर्यंत गेले तरी दम संपतो. एखादा दिवस छान जातो. त्या दिवशी मी जर्नल पूर्ण करते, आठवड्याचे कपडे धुते, आणि पुढचे दोन दिवस पलंगावर. धनत्रयोदशीला आईसोबत तास-दीड तास उभी राहून चकल्या तळल्या, तेव्हा काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या आंघोळीलाही उठवेना. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. बाबा म्हणतात मनाचे खेळ आहेत, मोबाईल कमी कर. आई म्हणते वर्ष सोड, घरी ये. मी काय करू?

उत्तर : अगं, तुझ्या चकल्यांपासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तिथेच आहे. तळताना काही वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी उठवेना. आळशी माणसाला काम करतानाच कंटाळा येतो. तुझ्या शरीराने काम करू दिलं आणि वसुली एका दिवसाने केली. श्रमानंतर बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधी दोन दिवसांनी येणारी ही कोसळण विषाणूच्या आजारानंतरच्या थकव्याची ओळखीची खूण आहे. बाबांना हे वाचून दाखव.

आधी पुरळाचं सांगते. मोनो असताना अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन घेतलं की अनेकांच्या अंगावर असं पुरळ उठतं. त्यावरून तुला पेनिसिलिनची जन्मभराची अ‍ॅलर्जी आहे असं ठरत नाही. उगाच फाईलवर तसा शिक्का बसला तर पुढे चांगली, स्वस्त औषधं तुला कायमची बंद होतील. मात्र परस्पर गोळी घेऊन बघू नकोस. डॉक्टरांना हा प्रसंग सांग आणि शहानिशा करून घे. विडालबद्दल इतकंच, की आपल्याकडे ती चाचणी जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येते. नुसत्या विडालवर टायफॉइड ठरवण्याची सवय आपल्या गावोगावच्या दवाखान्यांतून जाईल तो सुदिन.

हा आजार एपस्टाइन-बार विषाणूचा. अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी १९६४ मध्ये तो शोधला, तोही आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाच्या गाठीत. त्याचा मोनोशी संबंध त्यानंतर काही वर्षांनी कळला. तो लाळेतून पसरतो. जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या शरीरात तो असतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो आणि साध्या सर्दीतापासारखा निघून जातो. लहानपणी चुकला आणि पंधरा-विशीत गाठला, की तुझ्यासारखं आडवं करतो. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे कोणाच्या बाटलीतलं पाणी प्यायलीस याचा शोध सोडून दे.

आता 'सगळे रिपोर्ट नॉर्मल'. तुझ्या रिपोर्टांनी हिमोग्लोबिन, यकृत, थायरॉइड बघितलं असेल. थकवा मोजणारी रक्तचाचणी नाही, म्हणून त्यात थकवा दिसला नाही. पण ज्यांनी तो मोजायला हवा त्यांनी मोजलाय. ऑस्ट्रेलियात डबो नावाचं एक गाव आहे. तिथे वेगवेगळ्या संसर्गांनी, त्यात तुझा विषाणूही होता, आजारी पडलेल्या २५३ जणांचा पाठपुरावा झाला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी साधारण १२ टक्के लोक अजून थकव्याने बेजार होते. हे १२ टक्के कोण? ज्यांचा मूळ आजार जास्त तीव्र होता ते. स्वभाव हळवा की कणखर, आधी मनाचा काही त्रास होता की नव्हता, यावरून ते सांगता आलं नाही. बाबांच्या 'मनाचे खेळ'ला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

दुसरा अभ्यास शिकागो परिसरातल्या, मोनो झालेल्या ३०१ किशोरवयीन मुलामुलींचा, २००९ मधला. दीर्घ थकव्याच्या आजाराचे निकष सहा महिन्यांनी १३ टक्के जणांना लागू पडत होते, वर्षाने ७ टक्क्यांना, दोन वर्षांनी ४ टक्क्यांना. हे आकडे उलट्या बाजूनेही वाच. सहा महिन्यांनी १०० पैकी ८७ जण त्या निकषांत बसत नव्हते. तू अजून अडीच महिन्यांवर आहेस.

तर काय करायचं? तुझा शत्रू वाईट दिवस नाही, चांगला दिवस आहे. बरं वाटलेल्या दिवशी तू जे करतेस ती उचल आहे. ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुकादमाकडून उचल घेतं आणि मग अख्खा हंगाम ती फेडण्यात जातो, तसे तुझे पुढचे दोन दिवस जातात. आठवडाभर एका वहीत लिही: किती चाललीस, किती वेळ उभी होतीस, किती वाचलंस, दुसऱ्या दिवशी कसं होतं. बेताच्या दिवशीही कोसळल्याशिवाय किती होतं ते त्यातून कळेल. तेवढंच चांगल्या दिवशीही करायचं. हात शिवशिवले तरी तेवढंच. माझ्या तरुण रुग्णांना औषध घेण्यापेक्षा हे जड जातं.

वाचन हेही श्रमच. वीस-पंचवीस मिनिटं अभ्यास, मग दहा मिनिटं डोळे मिटून आडवं पडणं. त्या दहा मिनिटांत रील बघितले तर ती विश्रांती धरायची नाही. मोबाईलपुरतं बाबांचं बरोबर आहे. थकल्यावर थांबू नकोस, थकायच्या आधी थांब. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कर. कपडे रोज दोन-दोन धू किंवा काही महिने लाँड्रीत टाक. खोली तिसऱ्या मजल्यावर असेल तर रेक्टरांकडून खालची मागून घे. मेसचा डबा आठवड्यातून काही वेळा मैत्रिणीला आणू दे आणि त्याचं ओझं मानू नकोस.

असे दोन आठवडे न कोसळता गेले की किंचित वाढव: पाच मिनिटं जास्त चालणं, एक लेक्चर जास्त. कोसळलीस तर मागच्या पायरीवर परत. 'उठ, रोज थोडं जास्त पळ, आपोआप ताकद येईल' असं सांगणारे भेटतील. ठरावीक वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याची ही पद्धत दीर्घ थकव्याच्या आजारात वापरू नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं. पण म्हणून चोवीस तास पडूनही राहू नकोस. त्याने पायातली ताकद जाते आणि उभं राहिलं की घेरी येते.

घेरीवरून आठवलं. चकल्या तळताना तू उभी होतीस. उभं राहिल्यावर छातीत धडधडतं का, डोळ्यांपुढे अंधारतं का? दहा मिनिटं आडवी पड, नाडी मोज. मग उभी राहा आणि दहा मिनिटांत दर दोन मिनिटांनी मोज. शेजारी मैत्रीण असू दे, गरगरलं तर लगेच बस. तुझ्या वयात नाडी मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली तर तो कागद घेऊन फिजिशियनकडे जा. यावर उपचार आहेत, आणि थकव्यातला मोठा हिस्सा कधीकधी इथेच असतो.

झोपेचं एकच: उठण्याची वेळ पक्की ठेव, रविवारीही. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत, तीनच्या आधी. संध्याकाळचा चहा बंद.

तपासण्या एकदा नीट करून मग थांबव. तुझ्या यादीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी चाचणी, आहे का बघ. मेसचं जेवण आणि महिन्याची पाळी, एवढ्यावर अनेक मुलींचा लोहाचा साठा रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन तरीही नॉर्मल दिसतं. बी-१२ बघ. सोबत थायरॉइड, साखर आणि यकृतासाठी एसजीपीटी. एपस्टाइन-बार येऊन गेल्याची खूण दाखवणारी आयजीजी चाचणी मात्र पुन्हापुन्हा करू नकोस. ती जन्मभर पॉझिटिव्हच राहणार आणि तू दर वेळी घाबरणार. सलाईन, 'ताकदीची' इंजेक्शनं, इम्युनिटीचे डबे यांवर आईचे पैसे घालवू नकोस. गुळवेलीचा काढाही नको. मोनोत यकृताला बहुधा सूज येऊन गेलेली असते, आणि गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, पण सुजून उठलेल्या यकृतावर कशाला प्रयोग?

ताप पुन्हा येऊ लागला, रात्री घामाने कपडे भिजले, वजन उतरलं, खोकला हटेना, एखादी गाठ कडक होऊन वाढतेय असं वाटलं, तर मोनोच्या नावावर खपवू नकोस. आपल्याकडे क्षयरोग आधी तपासायचा, आणि कधी गाठीचा तुकडा काढूनही बघावा लागतो.

मनाचंही विचारते. निराश माणसाला काही करावंसंच वाटत नाही. तुला सगळं करायचंय आणि जमत नाही, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. पण महिनोन्‌महिने असं गेल्यावर मन खचू शकतं. तसं झालं तर १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. समुपदेशकाकडे गेलीस म्हणून थकवा खोटा ठरत नाही.

राहिलं वर्ष सोडण्याचं. आत्ता नको. ७५ टक्के हजेरीचा प्रश्न मात्र डिफॉल्टर लिस्ट लागण्याआधी सोडव. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन आजच एचओडींना भेट. त्यात 'आजारी होती' एवढंच नको. 'सलग उभं राहणं आणि लागोपाठ तास जमत नाहीत, सुधारणा अपेक्षित आहे' असं लिहून माग. प्रॅक्टिकल बसून करू देणं, सबमिशनला मुदत, लिफ्टची परवानगी, हे मागण्यात भीक नाही. एखादा विषय मागे राहिला तर एटीकेटी आहे. या सत्रात पास होण्यापुरता अभ्यास कर, पॉइंटर नंतर बघू. सहा महिने होऊनही हीच स्थिती राहिली तर वर्षाचा विचार आपण पुन्हा करू. मला तेव्हा लिही.

प्रश्न : माझा १७ वर्षांचा मुलगा सांगलीत कबड्डी खेळतो. मोनो होऊन अडीच आठवडे झाले. ताप नाही, भूक चांगली आहे. पुढच्या आठवड्यात तालुक्याचे सामने आहेत. त्याचे सर म्हणतात, फक्त चढाई करेल, पकडीला उभा राहणार नाही. पाठवू का?

उत्तर : नाही. चढाई करणाऱ्यावरच तर चारजण पडतात! या आजारात जवळजवळ निम्म्या रुग्णांची प्लीहा, जिला जुनी माणसं पाणथरी म्हणतात, ती सुजते. डाव्या बरगड्यांखालचा हा अवयव एरवी सुरक्षित असतो; सुजला की बाहेर येतो आणि मऊ पडतो. तो फुटणं फार दुर्मीळ, शंभरात एकापेक्षाही कमी, पण फुटला तर पोटात रक्तस्राव होतो. हे बहुतेक वेळा पहिल्या तीन आठवड्यांत घडतं, कधी काही न लागताही. म्हणून आजार सुरू झाल्यापासून निदान चार आठवडे कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, जिममधली वजनं सगळं बंद. त्यानंतरही डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच, आणि आधी नुसतं चालणं, मग हलकं धावणं. डाव्या कुशीत किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखलं, चक्कर आली, तर सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. सरांना माझं हे उत्तर दाखवा. सामने पुढच्या वर्षीही असतात.

प्रश्न : नातवाला हा आजार झालाय. ठाण्यात दोन खोल्यांचं घर. सुनेने त्याचं ताट, पेला, अंथरूण वेगळं केलंय आणि मला त्याच्याजवळ बसू देत नाही. माझं वय ७२. इतकं सोवळं पाळायला हवं का?

उत्तर : आजी, तुम्हाला हा विषाणू लहानपणीच येऊन गेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. लाळेत तो काही महिने राहतो, तेवढे महिने मुलाला कोपऱ्यात बसवता येणार नाही. एका बाटलीतून पाणी, उष्टा घास, एकच टूथब्रश, एवढं टाळा. भांडी नेहमीच्या साबणाने घासली की पुरे, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. घरात कोणाचं कर्करोगावर किंवा अवयव-प्रत्यारोपणानंतरचं औषध चालू असेल तर त्यांच्या डॉक्टरांना मात्र विचारा. सूनबाईंवर रागावू नका, कोविडने सगळ्यांनाच ही सवय लावली आहे. आणि नातवाजवळ बसाल तेव्हा 'अजून झोपतोच काय' हे तेवढं म्हणू नका.