सोलापुरात जीवाश्म शोधणाऱ्या नव्या मित्राला

भावा, तू पाठवलेला दगडाचा फोटो बघितला. तुला त्यात पक्ष्याचं पीस दिसलं, पण ते पीस नाही, मँगनीज धातूच्या संयुगांमुळे दगडावर आपोआप उमटलेली नक्षी आहे, सुरुवातीला सगळेच फसतात, नाराज होऊ नको. आपला काळा दगड लाव्हाचा, त्यात जीवाश्म क्वचितच, आणि पक्ष्याची हाडं तर पोकळ, पातळ, लगेच चुरा होणारी. तरी इंग्लंडमधे वॉल्टन-ऑन-द-नेझला मायकेल डॅनियल्स या हौशी माणसानं 5 कोटी वर्षांहून जुने शेकडो पक्षी-जीवाश्म जमवलेच ना!

सध्या एवढंच कर:
- उचलायच्या आधी शेजारी नाणं ठेवून फोटो काढ, जागा तिथंच लिहून ठेव, जागा माहीत नसली की नमुन्याची अर्धी किंमत गेली.
- घासू नको, ॲसिड नको, फेविक्विक तर अजिबातच नको.

सीना नदीच्या गाळात हाड दिसलं तर खोदत बसू नको, आपल्या विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या सरांना आधी दाखव.