नर की मादी ठरेपर्यंत: ऊकारान्त नावांची सोय

कोथरूडच्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे लवकरच कुत्र्याचं पिल्लू येणार आहे. एकाच वेतातले भाऊ-बहीण आहेत, त्यांतलं कोणतं घरी आणायचं हे ठरायचंय. घरातल्या धाकट्यांना मात्र नाव आत्ताच हवं आहे. ते गोंडस हवं, मराठी हवं आणि दोघांपैकी कुणालाही चालायला हवं. शंका अशी की, मराठीत प्रत्येक नामाला लिंग असतं, मग असं नाव मिळणार कुठून?

मिळतं. आपल्याच घरातली लाडाची नावं आठवून पाहा. सोनू मुलगाही असतो आणि मुलगीही. दत्तू, गणू, विठू पुरुष. यमू, चिमू, सखू बायका. झाशीच्या राणीचं माहेरचं लाडाचं नाव मनू होतं आणि मनोहरलाही घरात मनूच म्हणतात. म्हणजे शेवटी 'ऊ' लावला की नावात लाड येतो, पण लिंग कळत नाही. बाळबोलीतही तेच: चिऊ, काऊ, माऊ, भूभू. चिमणी आणि कावळा एकाच साच्यात बसले, म्हणून तर पुढे 'ताई' आणि 'दादा' जोडावं लागलं.

उलट आपली कुत्र्यांची जुनी नावं बघा. मोत्या, वाघ्या, खंड्या, काळ्या. 'या' लागला की पुरुष. पुण्यात याचे पुरावे देवळांच्या पाट्यांवर आहेत: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. देवी असली की लगेच तांबडी जोगेश्वरी, पिवळी जोगेश्वरी. काळ्या-काळी, भुऱ्या-भुरी अशा जोड्या सरळ पडतात. वाघ्याची तर जोडीही पडत नाही. जेजुरीला वाघ्याबरोबर असते ती मुरळी, आणि कुत्रीला कुणी मुरळी म्हणेल असं वाटत नाही. तेव्हा 'या' आणि 'ई' दोन्ही सोडा आणि तोच शब्द 'ऊ'वर आणा. काळ्या-काळीचा काळू, भुऱ्या-भुरीचं भुरू, डोळ्यांवर केस येणाऱ्याचं झिपरू. तांबड्या रंगाच्या पिल्लाला 'तांब्या' म्हणाल तर पाहुणे पाणी मागतील, 'तांबू' म्हणा.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. पिल्लू, वासरू, कोकरू, लेकरू, पाखरू यांच्या शेवटीही 'ऊ'च आहे, पण तो निराळा. ही नपुंसकलिंगी नामं आहेत. जुन्या छापील पुस्तकांत ती वासरूं, लेंकरूं अशी अनुस्वार देऊन लिहिलेली दिसतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, तेव्हा तेही गेले. वासरूचं मूळ संस्कृत 'वत्सरूप' आहे, त्यामुळे त्यातला 'रू' कुणी लाडाने जोडलेला नाही. सोनू-मनूचा 'ऊ' मात्र निव्वळ लाडाचा. दोघांतला फरक विभक्तीत उघडा पडतो: पिल्लू-पिल्लाला, वासरू-वासराला, पण सोनू-सोनूला. मनूचं कधी 'मनाला' होत नाही.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. कोणताही ऊकारान्त शब्द विशेषनाम म्हणून वापरायला लागलात की तो सामान्यरूप झटकून टाकतो. लिंबाचं सरबत होतं, पण कुत्र्याचं नाव लिंबू असेल तर आपण 'लिंबूचं जेवण झालं का' असंच विचारू. लाडवाला मुंग्या लागतात, लाडूला गोचीड लागते. शब्दाचं मूळ लिंगही मग मागे पडतं. लाडू पुल्लिंगी असूनही कुत्रीचं नाव लाडू ठेवलंत तर 'लाडू झोपली' कानाला खटकत नाही. चकली, करंजी, बाकरवडी ही नावं आता पुण्यात ऐकू येतात. ती गोंडस आहेत, कबूल, पण 'चकली पळाला' म्हणताना जीभ अडखळते. 'ई'चा स्त्रीलिंगाशी संबंध फार घट्ट आहे. 'मोती' पुल्लिंगी असल्याने अपवाद म्हणावा, तर त्यालाही हाक मारताना आपण 'मोत्या' करून टाकतो. टॉमी आणि रॉकी परदेशी म्हणून सुटले.

दुसरी खाण अविकारी विशेषणांची. मऊ भात, मऊ पोळी, मऊ लोणी: तिन्ही लिंगांत शब्द ढिम्म हलत नाही. उनाड, द्वाड, लबाड, खट्याळ, गुबगुबीत हीही त्याच जातीची. 'द्वाड' मला नाव म्हणून झकास वाटतं, फक्त ते घरी आल्यावर महिनाभराने ठेवावं, स्वभाव बघून. 'मऊ' सुंदर आहे, पण लांबून म्याऊ ऐकू येईल आणि कुत्र्याचा अपमान होईल.

आता खरी अडचण. नाव निर्लिंग झालं तरी वाक्य होत नाही. आला, आली, आलं यांतलं एक निवडावंच लागतं. पण कुत्र्याशी आपण बहुतेक बोलतो ते आज्ञार्थात. ये, बस, थांब, सोड, दे, आण. आज्ञार्थाला लिंग नाही! 'ये रे' आणि 'ये गं' एवढंच उरतं आणि हल्ली मुलीही एकमेकींना सर्रास 'अरे' म्हणतात. बाकी वेळी नपुंसकलिंग आहेच: 'आलं का माझं शहाणं?' हे आपण नातवालाही म्हणतो आणि नातीलाही. लसीकरणाच्या पुस्तिकेतला लिंगाचा रकाना पशुवैद्य भरतील.

हाकेच्या दृष्टीनेही 'ऊ' सोयीचा. कुत्र्याला बोलावताना आपल्याकडे 'यू यू' करतात, तो स्वर लांबवता येतो. वेताळ टेकडीवर पट्टा सुटला तर त्याचा उपयोग कळेल. नाव दोन अक्षरांचं ठेवा, आणि ते रोजच्या हुकमांसारखं ऐकू येणार नाही एवढं पाहा. सोनू आणि 'सोड' एका घरात नकोत. शिवाय सोसायटीत 'सोनूऽ' अशी हाक मारलीत तर कुत्र्याआधी शेजारची दोन मुलं खाली येतील.

माझं मत विचाराल तर 'शेपू'. ही भाजी निम्म्या घरांत नावडती, पण शब्दात शेपूट डोकावतं, दोन अक्षरं आहेत, 'ऊ' आहे, आणि सोसायटीत दुसरा शेपू निघण्याची शक्यता जवळजवळ नाही. पिल्लू फार गुटगुटीत निघालं तर 'ढब्बू' राखून ठेवा. गळ्यातला बिल्ला देवनागरीत करून घेणार असाल तर दुकानदाराला शेवटचा उकार दीर्घ हवा हे कागदावर लिहून द्या. नाहीतर तो 'शेपु' कोरेल, आणि सकाळी फिरायला निघालात की सदाशिव पेठेतले कुणीतरी काका कुत्र्याला गोंजारायच्या आधी तुमचं शुद्धलेखन तपासतील.