तुझा व्हॅम्पायर खुरसाला का घाबरतो?

फोंडा

चि. बाय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची तिन्ही प्रकरणं वाचली. भाषा छान आहे, मडगावचा बाजार तर अगदी हुबेहूब उतरलाय. माझं भांडण आहे ते तुझ्या व्हॅम्पायरशी. पहिल्या प्रकरणात तो उन्हानं पोळतो आणि आरशात दिसत नाही. दुसऱ्यात लसणीच्या वासानं मागं सरतो, खुरीस म्हणजे क्रूस बघून किंचाळतो. तिसऱ्यात अडचण आली की वटवाघूळ होऊन उडून जातो. एवढं सगळं त्याच्या अंगी आलं कुठून? सिनेमे बघून तू त्याला एकेक चिकटवत गेलीस.

यातलं काहीही सक्तीचं नाही. उन्हाचंच घे. जॉन पॉलिडोरीच्या कथेतला व्हॅम्पायर लॉर्ड रुथवेन 1819चा. तो लंडनच्या मेजवान्यांतून राजरोस हिंडतो, आणि मेल्यावर चंद्रप्रकाशानं उठतो. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला, 1897चा, भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत दिसतो. दिवसा त्याची शक्ती काय ती कमी होते. उन्हानं मरायची प्रथा पाडली ती 1922च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटानं, आणि ती इतकी रुळली की आता लोकांना ती पुरातन वाटते. म्हणून तर स्टेफनी मायरचे व्हॅम्पायर 2005 साली उन्हात चमकायला लागले तेव्हा केवढा गहजब झाला! ती चमक मलाही रुचली नाही. पण तिला कथेत काम आहे, हे कबूल करायला हवं. उन्हात गेलं की ओळखले जाऊ, म्हणून ते कुटुंब सदा ढगाळ गावात राहतं. एका नियमानं कादंबरीला गाव मिळवून दिलं. तुझ्या लसणीनं तुला काय मिळवून दिलं, सांग बघू.

खुरसावर मात्र जरा थांबू या, कारण तू गोव्यात बसून लिहितेस. व्हॅम्पायर खुरसाला घाबरतो, ठीक आहे. पण का? रिचर्ड मॅथिसनच्या 'आय ॲम लेजंड'मध्ये, 1954 साली, व्हॅम्पायर होणं हा जंतूंचा आजार आहे. नायक नेव्हिल घरातल्या घरात प्रयोग करत बसतो, आणि त्याला दिसतं की ही भीती मनातली आहे. जिवंतपणी जो ज्यू होता तो खुरीस बघून हसतो, पण तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, दाखवल्यावर हादरतो. म्हणजे श्रद्धा मोजायची ती व्हॅम्पायरची. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'मध्ये, 1975 साली, नेमकं उलट. तिथं मोजतात खुरीस धरणाऱ्याची श्रद्धा. फादर कॅलाहनच्या हातातला खुरीस आधी उजळतो, त्यांचा विश्वास डळमळला की विझतो. पुढच्याच वर्षी ॲन राइसच्या कादंबरीतला व्हॅम्पायर लुई येतो आणि म्हणतो, मला तर खुरीस बघायला आवडतं! आणि पीटर वॉट्सनं 2006च्या 'ब्लाइंडसाइट'मध्ये धर्मच काढून टाकला. त्याच्या व्हॅम्पायरांच्या मेंदूला काटकोन सोसत नाही. आडवी-उभी रेघ एकमेकींना छेदताना दिसली की त्यांना झटका येतो.

आता हे आपल्याकडे आण. तुझा गडी सोळाव्या शतकातला, कुठ्ठाळीचा, असं तू लिहिलंस. तिथंच पुढे निघून गेलीस, आणि मी मात्र अडकलो. त्याचं बारसं झालं होतं की बाप्तिस्मा? की आधी एक आणि मग दुसरा? मॅथिसनची वाट धरलीस तर तो वळणावरच्या पांढऱ्या खुरसापुढून निर्धास्त जाईल आणि कुणाच्या तरी अंगणातल्या तुळशीपाशी त्याचे पाय लटपटतील. किंगची वाट धरलीस तर खुरीस कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न पडेल. फेस्तापुरतं, सणापुरतं, इगर्जीत म्हणजे चर्चमध्ये जाणाऱ्या त्या तुझ्या नायकाच्या हातात तो चालेल का? वॉट्सचं घेतलंस तर आणखीच मजा. जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या आठव, लाकडी पट्ट्यांचे नुसते चौकोनच चौकोन. त्याला आपल्या घराकडे वर मान करून बघता येणार नाही. यातलं कुठलंही एक घे. तिन्ही घेतलीस तर पुन्हा खिचडी.

मी असतो तर आणखी एकच नियम ठेवला असता, वाहत्या पाण्याचा. स्टोकरकडे तो असा आहे की भरती चढत असताना किंवा पाणी थबकलेलं असतानाच व्हॅम्पायरला ते ओलांडता येतं. आणि तुझ्या कुठ्ठाळीला लागून जुवारी, भरती-ओहोटीची नदी! 1560 साली मंगेश देव कुठ्ठाळीहून पलीकडे प्रियोळला गेला. तुझ्या माणसाचं कुलदैवत मंगेश असेल तर देव नदीपलीकडे आणि हा अलीकडे. ओहोटी लागली की वाट बंद. पुलावरून गेलं तर चालतं का, गाडीत झोपवून दुसऱ्या कुणी नेलं तर चालतं का, हे तू ठरव. स्टोकरनं दुसऱ्याकरवी नेण्याची सोय ठेवली होती.

बोलावल्याशिवाय घरात न येण्याचा नियम तू चांगला वापरलास, तो राहू दे. फक्त बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, घरात धरायचं की बाहेर, ते नक्की कर. दुसऱ्या प्रकरणात तो तिथं ऐसपैस बसून फेणी मागतो आणि पुढच्या प्रकरणात पायरीवर अडतो. आणि चतुर्थीला दार दिवसभर उघडं असतं, गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी बघायला अर्धा गाव येतो, 'या, या' तर सगळ्यांनाच म्हणतात. त्या गर्दीत हाही आला तर? तो प्रसंग तू लिहिलेला नाहीस, याचं मला नवल वाटलं.

वेताळाला मात्र यात ओढू नकोस. चौथ्या प्रकरणात त्याला व्हॅम्पायरांचा मूळपुरुष करायचा बेत आहे, असं तू पत्रात म्हटलंस. 'वेताळ पंचविशी'तला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो, पण त्याला चटक आहे ती गोष्टी सांगायची. आणि आपल्या लोलये-पैंगीणच्या बाजूला तो देव आहे. रात्री गावाची राखण करत फिरताना झिजतात म्हणून वेताळाला वहाणा वाहतात. ज्याला लोक चपला देतात त्याला दात लावून तुझ्या हाती काय लागणार? समोरासमोर आण हवं तर. राखणदार आणि हा उपरा, रात्रीच्या वेळी शेताच्या बांधावर. ते मी आवडीनं वाचेन.

दुसरं प्रकरण आधी दुरुस्त कर, चौथ्याला नंतर हात घाल. आणि कागदावर छापून पाठव, मोबाइलवर माझ्याच्यानं वाचवत नाही. आईला नमस्कार.

तुझा,
काका